नवमीची प्लेट

रशियाने चंद्रावर जो गोळा आदळला, त्याने पडलेल्या खड्ड्याचा फोटो अख्ख्या हिंदुस्थानात सगळ्यांच्या आधी मी काढणार होतो. साल एकोणीसशे एकोणसाठ, महिना भाद्रपद, आणि मी अमरावतीचा मोजणीदार नत्थुजी. माझ्याकडे दुर्बीण होती, कॅमेरा होता, आणि जिद्द तर इतकी होती की ती ठेवायला घरात जागा नव्हती. जागा दुर्बिणीलाही नव्हती, म्हणून मी परसात वेधशाळा बांधली.

'वेधशाळा' हा शब्द मी दारावर तेलरंगाने ठळक लिहिला होता, नाहीतर शेजाऱ्यांना ती नवी न्हाणी वाटली असती. तुराट्यांचा कूड, त्याला आतून-बाहेरून शेणमातीचा लेप आणि वर सरकतं छप्पर. हे सरकतं छप्पर म्हणजे माझी खास अक्कल. लाकडी चौकटीला टिनाचे पत्रे ठोकले, खाली चार लोखंडी चाकं लावली आणि ती दोन बांबूंवर चढवली. दोरी ओढली की छप्पर मागे सरकणार आणि आकाश मोकळं होणार, असा हिशेब होता. प्रत्यक्षात छप्पर अर्ध्यावर अडायचं, आणि उरलेल्या अर्ध्या आकाशासाठी मी स्टुलावर चढून त्याला धक्के मारायचो.

दुर्बिणीची नळी म्हणजे पन्हाळीचा पत्र्याचा पाइप. पुढचं भिंग मात्र अस्सल विलायती. एक गोरा इंजिनियर देश सोडून गेला तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात मी ते भिंग आणि ट्रंकेएवढा एक कॅमेरा उचलला होता. तिपाई कचेरीतून बाद झालेली. तिचा एक पाय आखूड होता, त्याखाली मी भूमितीचं पुस्तक ठेवत असे. माझी बायको जमुना या साऱ्या विज्ञानाला 'तुमचा पाइप' म्हणायची. "पाइपात काही दिसलं का?" एवढंच ती रोज विचारायची, आणि मी नाही म्हटलं की तिला बरं वाटायचं.

आता कॅमेऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्याच पोटातून निघाला. त्याला रीळ नव्हतं, काचेच्या प्लेटी होत्या. अंधारात एकेक प्लेट एकेका चपट्या लाकडी पेटीत बंद करायची, पेटी कॅमेऱ्याला लावायची, फोटो घ्यायचा आणि पेटी पुन्हा बंद करायची. फोटो घेतलेली पेटी आणि कोरी पेटी बाहेरून अगदी सारख्या दिसतात. म्हणून फोटो घेतला की पेटीवर मी खडूने फुली मारायचो. इतका व्यवस्थित माणूस आमच्या गल्लीत दुसरा नव्हता.

चंद्र मात्र व्यवस्थित नव्हता. तो थांबतच नाही. महिनाभर माझ्या प्रत्येक प्लेटीवर चंद्राऐवजी फेस आला. शेवटी नवरात्रात, नवमीच्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास सगळं जमून आलं. वारा नाही, ढग नाही, छप्परही निम्म्याच्या वर सरकलेलं. नवमीचा चंद्र फोटोसाठी फार चांगला. ऊन तिरपं पडतं, त्यामुळे खड्ड्याखड्ड्याची सावली उठून दिसते. मी श्वास धरून प्लेट उघडली, बंद केली आणि पेटीवर फुली मारली. ही प्लेट साधली आहे, हे मला आतूनच कळलं. प्लेट धुवायचं औषध तेवढं संपलं होतं. दुकानदार दसऱ्यानंतर देणार होता. तोवर पेटी फळीवर ठेवली. तिच्या शेजारी तीन कोऱ्या पेट्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दसरा. दसऱ्याला आमच्याकडे घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळा, कुऱ्हाड, माझी मोजणीची साखळी, शिवणयंत्र, सगळं धुऊनपुसून पाटावर येतं. मी आंघोळ करून आलो तर पाटावर साखळीच्या शेजारी दुर्बीण आडवी निजलेली, तिच्या भिंगाला झेंडूची माळ, आणि तिच्यापुढे चार लाकडी पेट्या ओळीने मांडलेल्या. चारही पेट्या ओल्या फडक्याने लख्ख पुसलेल्या आणि प्रत्येकीवर हळदीकुंकवाचं बोट.

मी विचारलं, इथे खडूची एक फुली होती ती कुठे गेली? जमुना म्हणाली, "सणाच्या दिशी फुली कशाले ठेवाची? पुसली." एवढं बोलून तिने माझ्याही कपाळाला कुंकू लावलं. इतकी वर्षं त्या दुर्बिणीला नावं ठेवणारी बाई आज तिची पूजा करत होती.

शहाण्या माणसाने चारही पेट्या बाजूला ठेवल्या असत्या. पण मी मोजणीदार. वीस वर्षांपूर्वी कुठल्या बांधावर कुठला दगड होता हे मी झोपेतून उठून सांगतो. फळीवर फुलीची पेटी डावीकडून पहिली होती, जमुनेने त्याच क्रमाने मांडल्या असणार, म्हणून मी डावीकडची पेटी नवमीची ठरवली आणि कपाटात टाकली. बाकीच्या तीन कोऱ्या. संपला विषय.

दुपारी हिवरखेडहून माझे सासरे खुशालराव आले, सोबत धाकटी मेहुणी सुभद्रा. सुभद्राचं लग्न दोन वर्षांपासून रखडलं होतं. पोरगी मॅट्रिक झालेली, दिसायला नीटस, कामाला वाघीण, पण जिभेला गाळणी नाही. मागे एका पाहुण्याने तिला चालून दाखव म्हटलं, तर तिने विचारलं होतं, "बैल घ्याले आले काय?" ती बातमी तालुकाभर फिरली आणि पाहुणे येणं बंद झालं.

आता मात्र अकोल्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा तुळशीराम, शेतकी खात्यात नोकरीला. वडील नाहीत, आई गोदाबाई फार कडक. तिने निरोप धाडला होता की आधी मुलीचा फोटो पाहीन, मग यायचं की नाही ते सांगेन. सासऱ्यांचा जीव टांगणीला लागला होता. त्याहून मोठी गोष्ट जमुनेने मला स्वयंपाकघरात हळूच सांगितली. हा तुळशीराम मागच्या ज्येष्ठात हिवरखेडला ज्वारीच्या बियाण्याची माहिती द्यायला आला होता. चावडीपुढे तासभर बोलला. सुभद्रा तो तासभर कुडाआड उभी राहून ऐकत होती आणि घरी येऊन बहिणीला म्हणाली होती, "माणूस कास्तकाराशी कास्तकारासारखा बोलते." सुभद्राच्या तोंडून कोणाबद्दल चांगला शब्द निघाल्याची आमच्या घराण्यातली ही पहिलीच नोंद. हे लग्न व्हायलाच पाहिजे, असं जमुना म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

सासरे म्हणाले, बाजारातल्या स्टुडिओत जाऊन फोटो काढून येतो. मी हसलो. म्हटलं, "मामाजी, चंद्र धरतो मी प्लेटीवर. आपली सुभद्रा काय जड हाय?"

परसात घोंगडीचा काळा पडदा लावला. सुभद्राला खुर्चीवर बसवलं, हलू नको म्हणून बजावलं. उजवीकडची पेटी घेतली, कॅमेऱ्याला लावली आणि फोटो काढला. मी तिला म्हटलं, आज दसरा आहे, आजचा फोटो फळणार. ती म्हणाली, "भाऊजी, आदी निघू तर द्या."

औषध नाही म्हटल्यावर सासऱ्यांनी ती पेटीच फडक्यात गुंडाळली आणि संध्याकाळच्या गाडीने अकोल्याला नेली. तिथल्या एका स्टुडिओत प्लेट धुवून फोटो छापायचा आणि तिथूनच गोदाबाईंकडे पोचवायचा होता. सुभद्रा आमच्याकडेच राहिली. सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले. त्यांना फोटो म्हणजे चौकोनी कागद एवढंच दिसत असे. स्टुडिओवाल्याने छापताना त्यांना विचारलं की चेहऱ्यावर जरा रिटचिंग करून देऊ का. सासऱ्यांना वाटलं, हा उगाच काम वाढवतो आहे. ते ताडकन म्हणाले, "आमची पोरगी जशी हाय तशी छाप. रंगरंगोटी आमच्यात चालत नाई." त्याने जशी होती तशी छापली.

तीन दिवसांनी औषध आलं. मी न्हाणीत अंधार करून नवमीची प्लेट धुवायला घेतली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. प्लेट खिडकीच्या काचेसारखी स्वच्छ राहिली. दुसरी पेटी उघडून धुतली, स्वच्छ. तिसरीही स्वच्छ. तिन्ही काचा ओळीने ठेवून मी कितीतरी वेळ न्हाणीतल्या दगडावर बसून राहिलो. माझा चंद्र अकोल्याला गेला होता आणि सुभद्रा त्याच्यावर बसली होती.

धावत तारघरात गेलो. सासऱ्यांना तार केली की फोटो देऊ नका. दुसऱ्या दिवशी उलट तार आली की फोटो पोचला, मंडळी फार खूश, कोजागिरीला संध्याकाळी अमरावतीत मुलगी पाहायला येतात.

खूश? मी ती तार चार वेळा वाचली आणि मग माझ्या जिवात जीव आला. म्हणजे चंद्र फिकट उमटला असणार, किंवा एखाद्या कोपऱ्यात गेला असणार, किंवा सुभद्राच्या डोक्यामागे देवाच्या तसबिरीसारखं तेजोवलय होऊन बसला असणार. तेजोवलयाची कल्पना मला इतकी आवडली की मी जमुनेला प्लेटीबद्दल काही सांगितलंच नाही. संसारात काही गोष्टी बायकोला योग्य वेळी सांगाव्यात. योग्य वेळ आली नाही तर आणखीच बरं.

कोजागिरीला पाच वाजता पाहुणे आले. गोदाबाई पुढे, तुळशीराम मागे. गोदाबाई म्हणजे नऊवारीतला कलेक्टर. तुळशीराम उंच, अंगापिंडाने चांगला, आणि त्याच्या तोंडावर लहानपणी येऊन गेलेल्या देवीचे वण. कपाळभर, गालभर, अगदी नाकाच्या शेंड्यापर्यंत. सासऱ्यांना ते दिसले नाहीत आणि मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. तो खाली मान घालून बसला आणि सतत रुमालाने तोंड पुसत राहिला.

सुभद्रा पोह्यांचं ताट घेऊन आली. गोदाबाईंनी तिला वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं आणि पोहे बाजूला सारले.

"हे पोरगी नाई. फोटोतली आना."

कोणालाच काही उमगेना. सासरे म्हणाले, हीच सुभद्रा. गोदाबाईंनी पिशवीतून फोटो काढून आमच्यापुढे आपटला. मी तो उचलला.

वाचकहो, इथे माझ्या हातून जे घडलं त्याची मला आजही लाज वाटते. फोटोत सुभद्रा होती. तिचंच नाक, तिचाच भांग, तिचीच ठुशी घातलेली मान. आणि तिच्या चेहऱ्यावर, बरोबर चेहऱ्याच्या मापाचा, माझा नवमीचा चंद्र! गालावर कोपर्निकस नावाचं विवर, हनुवटीवर टायको, कपाळावर प्लेटो, आणि मध्ये लहानमोठ्या खड्ड्यांची नुसती रांगोळी. महिनाभर ज्याच्यासाठी तडफडलो तो हा फोटो. मी भान विसरून ओरडलो, "वा! काय सुरेख खड्डे आले!"

तुळशीरामने रुमाल खाली घेतला.

गोदाबाई सावकाश म्हणाल्या, म्हणजे खड्डे आहेत हे तुम्हाला माहीत होतं. मी उत्साहाने म्हणालो की अर्थात माहीत होतं, नवमीला ते असेच दिसतात. त्यावर त्यांनी माझ्याकडे बघणं सोडून दिलं आणि सासऱ्यांना विचारलं, की देवी आलेली ती पोरगी कुठे लपवली आहे. सासरे बिचारे शपथा घेऊ लागले की आमच्या घरी कोणाला देवी आलीच नाही, सगळ्यांना टोचलेलं आहे, दंड पाहा. मग गोदाबाईंनी जमुनेला उजेडात बोलावलं, हनुवटी धरून तिचं तोंड इकडून तिकडून तपासलं आणि ही पण ती नाही असं जाहीर केलं. जमुनेने माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. दुर्बीण विहिरीत जाणार हे त्या एका नजरेत ठरलं.

"लोक फोटो गोऱ्या पोरीचा दाखवते अन् लग्नात दुसरीच उभी करते, हे आमी ऐकलं होतं," गोदाबाई म्हणाल्या. "तुमी उलटंच करून राह्यले. काहून?"

मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि सांगताना त्यांचा कडक आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. तुळशीरामला आजवर पाच मुली दाखवल्या. पाचही ठिकाणी पोहे झाले, बोलणी झाली आणि मुलीने दाराआडून तोंड पाहिलं की दुसऱ्या दिवशी नकार. गेल्या वर्षी तो म्हणाला, आता बस, मला कोणी पाहू नका. मग हा फोटो आला. स्टुडिओवाल्याने सांगितलं की मुलीच्या बापाने वण बुजवायला साफ नकार दिला. तो फोटो तुळशीरामने रात्रभर उशाशी ठेवला आणि सकाळी आईला म्हणाला, ही चालेल, ही मला हसणार नाही. "आमाले वणवालीच पाह्यजे," गोदाबाई म्हणाल्या. "हाय का नाई ते सांगा, नाईतर आमची गाडी हाय."

सुभद्रा दाराशी पाठ लावून उभी होती. एरवी तिने एव्हाना चार वाक्यं सुनावली असती. ती गप्प होती, आणि तिचं ते गप्प राहणं मला सोसवेना. घोळ माझा होता. निस्तरणंही माझ्याच अंगावर होतं. मी उठलो आणि सांगितलं की हे खड्डे कोणा माणसाचे नाहीत, चंद्राचे आहेत, आणि आत्ता पाच मिनिटांत डोळ्यांनी दाखवतो. चला वेधशाळेत.

पाहुणे वेधशाळेच्या दारापर्यंत आले, कारण परत जायची गाडी सुटायला वेळ होता. मी दोरी ओढली. छप्पर अडलं. मी दोरी कमरेला गुंडाळली, भिंतीला पाय लावला आणि जन्मात ओढलं नसेल इतकं ओढलं. छप्पर सरकलं, भर्रकन सरकलं, बांबू संपले तरी सरकत राहिलं आणि मागच्या मोरीत जाऊन पडलं. आवाजाने गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. आकाश मात्र पूर्ण मोकळं झालं. पूर्वेला कोजागिरीचा चंद्र वर आला होता. मी दुर्बीण लावली आणि गोदाबाईंना म्हटलं, बघा, खड्डेच खड्डे.

त्यांनी डोळा लावला. बराच वेळ पाहिलं.

"साफ हाय," त्या म्हणाल्या. "ताटासारखा."

मी त्यांना जवळजवळ ढकलून डोळा लावला. पौर्णिमा! पौर्णिमेला ऊन चंद्रावर समोरून पडतं, सावल्या नाहीशा होतात आणि एकही खड्डा दिसत नाही. हे मला शाळकरी पोरासारखं पाठ होतं. कचेरीत दहा जणांना मी ते समजावून सांगितलं होतं. आणि आज आयुष्यात जेव्हा खड्डे हवे होते तेव्हा चंद्र नुकताच दाढी करून आल्यासारखा गुळगुळीत समोर उभा. मी म्हटलं, आठ दिवस थांबा, खड्डे येतील. गोदाबाई म्हणाल्या, "आले की पत्र टाका," आणि वळल्या.

माघार घ्यायची नाही, हे मी ठरवून टाकलं. घरात गेलो, चंद्राचा नकाशा आणला. कचेरीतली मोजपट्टी आणली, कोनमापक आणलं, कंदील आणला. वेधशाळेच्या उंबऱ्यावर नकाशा पसरला, शेजारी सुभद्राचा फोटो ठेवला आणि तुळशीरामला हाक मारली. म्हटलं, तुम्ही शेतकी खात्यातले, मोजमाप समजतं तुम्हाला, पट्टीचं एक टोक धरा. तो बिचकला, पण बसला. नकाशावर टायको, कोपर्निकस आणि प्लेटो यांचा त्रिकोण आखला. फोटोत हनुवटी, गाल आणि कपाळ यांचा आखला. गोदाबाईंनी पोरीच्या गालावर पेन्सिल कशाला म्हणून हरकत घेतली, ती मी ऐकली नाही. एका बांधावरून दोन भाऊबंद भांडायला उठतात तेव्हा मी असाच त्रिकोण टाकतो आणि भांडण मिटवतो. पहिला कोन मोजला, जुळला. दुसरा जुळला. तिसरा तर रेषाभरही सरकला नाही.

तुळशीरामने स्वतः पुन्हा एकदा तिन्ही कोन मोजले. मग पट्टी खाली ठेवली आणि म्हणाला, "माय, हे खरं सांगते. चंद्रच हाय. पोरगी हेच."

मी जिंकलो होतो. आनंदाने मी वर पाहिलं, तर तुळशीरामचा चेहरा पडलेला. त्याने फोटो उचलला, धोतराच्या सोग्याने त्यावरची पेन्सिल हलकेच पुसली आणि माझ्या हातात परत दिला.

"म्हणजे वण नाईतच," तो म्हणाला. "मंग जाऊ आमी."

तो जोडे घालायला लागला. मी असा भक्कम पुरावा दिला होता की आता वाद घालायलाही जागा उरली नव्हती. सासरे मटकन खाली बसले. जमुनेने पदर डोळ्यांना लावला. आजवर मी जेवढी मापं घेतली त्यांत एवढं अचूक आणि एवढं नुकसान करणारं माप दुसरं नसेल.

तेवढ्यात सुभद्रा अंगणातून पुढे आली आणि तुळशीरामच्या वाटेत उभी राहिली.

"थांबा," ती म्हणाली. "मले पाच जनांनी नाई म्हटलं नाई, पन तिघांनी म्हटलं. कोनी उंच म्हने, कोनी तोंडाळ म्हने. तुमी म्हन्ता, वण नाई म्हनून नको. माह्या तोंडावर वण नाईत, हा माहा गुन्हा हाय काय?"

तुळशीराम गोंधळला. खाली बघत म्हणाला, "गुन्हा नाई. पन आज हो म्हनसान, अन् उद्या उजेडात पाहून..."

"उजेडात पाह्यलं हाय. ज्येष्ठात. हिवरखेडच्या चावडीपुढे बाराच्या उन्हात तुमी बियान्याचं सांगून राह्यले होते, अन् मी तासभर उभी होती. वण तवाच दिसले. सगळे. तरीबी फोटो काढाले बसलीच ना मी?"

तुळशीरामने मान वर केली. आल्यापासून पहिल्यांदाच त्याने सरळ समोर पाहिलं. चंद्र असा लख्ख होता की त्याच्या तोंडावरचा एकेक वण दिसत होता आणि तो रुमाल खिशात तसाच राहिला. मग त्याने अगदी हळू विचारलं, ज्वारीचं बियाणं पेरायच्या आधी काय लावायला सांगितलं होतं, आठवतं का. सुभद्राने औषधाचं नाव, प्रमाण आणि लावायची पद्धत धडाधड सांगितली. प्रमाणात त्याची एक चूक झाली होती, तीही दाखवली. तो हसला. मोठ्याने, तोंड न झाकता हसला. मला तेव्हा काय वाटलं ते सांगता येणार नाही, पण मी कंदील पुसायच्या निमित्ताने मोरीकडे गेलो. गोदाबाईही पलीकडे तोंड करून उभ्या होत्या.

त्यांनी पोहे मागवले. थंड झालेले पोहे दोन बशा खाल्ले, आटवलेलं दूध घेतलं आणि तारीख काढायला सांगितली. गाडी चुकली ती चुकलीच. मग गप्पांना ऊत आला. मी मात्र छप्पर मोरीतून बाहेर काढत होतो.

लग्न मार्गशीर्षात झालं. नवरानवरीचा फोटो मीच काढणार असं मी जाहीर केलं तेव्हा मांडवातले लोक एकमेकांकडे बघायला लागले, पण तुळशीराम माझ्या बाजूने उभा राहिला. प्लेट नवी कोरी आणली. पेटी बंद करून मी तीन दिवस उशाशी घेऊन झोपलो. फोटो असा उतरला की काय सांगावं! सुभद्राच्या नाकातल्या मोरणीचे खडे मोजून घ्या, तुळशीरामच्या चेहऱ्यावरचा एकेक वण मोजून घ्या. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात निर्दोष फोटो आहे. गोदाबाईंनी तो मढवून अकोल्याच्या घरी बैठकीत लावला.

गेल्या वर्षी मी तिकडे गेलो होतो तेव्हा पाहुण्यांनी बैठक भरलेली होती. एका म्हाताऱ्याने फोटोकडे चष्मा रोखून विचारलं, नवरदेवाच्या तोंडावर हे एवढं काय दिसतं हो? गोदाबाईंनी सुपारी कातरत, मान वर न करता सांगितलं, "काई नाई. पोरगा आमचा साफ हाय. हा सुनेच्या भाऊजीनं काढलेला फोटो हाय ना, त्याच्या प्लेटीत नेमी चंद्र राह्यते."

खुद्द तुळशीराम त्या फोटोखाली बसून चहा ओतत होता, आपले सगळे वण घेऊन. म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे वळून खात्रीसाठी विचारलं, खरं का? आतल्या दारात सुभद्रा उभी होती. तिने माझ्याकडे अशी नजर लावली की मी लगेच मान डोलावली. म्हटलं, हो, चूक माझीच, प्लेट तपासायला हवी होती.

म्हाताऱ्याला माझी दया आली. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुमी आपली जमीनच मोजत जा."